स्लॅब टाकायच्या आधी: चिऱ्याच्या घरात लॅन आणि टीव्हीच्या वायरी

माहेरवाशीण_देवरुख

नमस्कार मंडळी. देवरुखजवळ आईबाबांसाठी घर बांधतो आहोत. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यांची खोली. वर दोन खोल्या, त्यांतली एक माझ्या आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या कामाची. बाहेरच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, बाहेरून उघड्याच ठेवणार, आतून गिलावा. तळमजल्यावर स्लॅब, वर कौलं. सेंटरिंग झालंय, सळई बांधायला घेतली आहे आणि पंधरवड्यात स्लॅब टाकायचा बेत आहे. म्हणून घाईने विचारते आहे.

वायरमनला म्हटलं, नेटच्या, म्हणजे लॅनच्या, वायरींसाठीही पाइप टाकून घेऊ. तो हसला. म्हणाला, "ताई, आता सगळं वायफायवर चालतं, वायर कोण टाकतंय?" टीव्हीचं विचारलं तर म्हणाला, "डिशवाला येईल तो खिडकीतून घेईल की." या खिडकीतून घेण्यापायी आमच्या जुन्या घराची ओटीची खिडकी कधी पूर्ण लागलीच नाही. पावसाळाभर तिथे फडकं कोंबलेलं असायचं.

बाबांना मॅच टीव्हीवरच बघायची असते. आईची मालिका नेमकी त्याच वेळी असते. म्हणजे दोन टीव्ही, दोन वेगळे चॅनेल. वर कदाचित तिसरा. गावात केबलवाला आता फायबर देतो, त्यावरच टीव्हीही देतो म्हणे. शेजारी डिश आहे. यातलं काय घ्यायचं ते ठरलेलं नाही, पण पाइप मात्र आत्ताच ठरवायला हवेत.

कुठली वायर, किती, कुठून कुठे? मला क्रिम्पिंग (वायरीला प्लग दाबून बसवणं) वगैरे येत नाही, पण नीट समजलं तर समोर उभं राहून करून घेता येतं.


नाशिकचा_निवांत

एवढा खटाटोप कशाला? तीन नोडचं मेश घ्या, म्हणजे एकमेकांना वायफाय पुढे देणारे तीन डबे, दहा मिनिटांत काम होतं. आमच्या टू बीएचकेत दोन नोडवर सगळं सुरळीत चालू आहे. वायरी टाकून भिंती फोडायचे दिवस गेले.


अँटेनाकाका

निवांतराव, तुमच्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार इंची विटेच्या. इथे नऊ इंची चिरा आहे आणि तो जून ते सप्टेंबर पाणी पिऊन बसलेला असतो. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय ओल्या चिऱ्याच्या दुसऱ्या भिंतीपलीकडे नावाला उरतं, आणि मध्ये स्लॅब आला की विषय संपला. मेश वाईट नाही, पण नोडनी एकमेकांशी बोलायचं तेही त्याच भिंतींतून. प्रत्येक नोडला मागून वायर दिली तर मेशसारखं सुख नाही. म्हणजे फिरून वायरीवरच आलो. आणि भिंती फोडायचं म्हणाल तर ताईंचा स्लॅब अजून पडायचाय, फोडायला आहे काय?

ताई, माझी ओळख म्हणजे आधी अँटेना बसवायचो, मग केबल चालवली, आता मुलगा फायबर जोडतो आणि मी शिडी धरतो. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांतून केबलचं पेव फुटलं, ते आमच्याकडे पोचायला आणखी काही वर्षं लागली. तेव्हा लोकांनी घरं बांधताना हौसेने फोनची वायर भिंतीत पुरली, अगदी देवघरापर्यंत. आज त्या वायरीचा उपयोग शून्य. मग २०१२ पासून सेट-टॉप बॉक्स सक्तीचे होत गेले, मुंबई-दिल्ली आधी आणि आमची गावं शेवटच्या टप्प्यात, २०१७ मध्ये. मग फायबर आलं. एवढ्या सगळ्या उलथापालथीत ज्यांच्या भिंतीत मोकळा पाइप होता, त्यांच्याकडे मी जुनी वायर ओढून काढली आणि तिच्याच शेपटीला नवी बांधून आत घातली. अर्ध्या तासाचं काम. ज्यांनी वायर नुसती गिलाव्यात चिणली होती, त्यांच्याकडे आजही दाराच्या चौकटीवरून खिळे मारलेली काळी वायर लोंबते.

तेव्हा लॅनची वायर कुठल्या दर्जाची, कॅट सिक्स की कॅट आणखी काही, हा प्रश्न शेवटी. वायर तुम्ही गिलावा झाल्यावर, रंगाच्या आधी आणा, काही बिघडत नाही. पाइप मात्र आत्ता.

आधी सगळ्या वायरी जिथे एकत्र यायच्या ती जागा ठरवा. माझ्या मते माजघराची आतली भिंत, जिन्याच्या बाजूची. गवंड्याला सांगून तिथे कोनाडा सोडून घ्या: दोन फूट उंच, दीड फूट रुंद, पाच इंच खोल, तळ जमिनीपासून चारेक फुटांवर. आजीच्या घरात दिव्याला असायचा तसाच, फक्त याला जाळीचं दार. यात फायबरचा ओएनटी (फायबर ज्यात येऊन लागतं तो डबा), राउटर, स्विच (लॅनच्या सगळ्या वायरी जोडायचा डबा) आणि टीव्हीचा स्प्लिटर (एका वायरीचे फाटे करणारा) बसेल. आत निदान चार सॉकेट हवेत आणि ते इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. नाहीतर वीज गेली की नेट गेलं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती असते ते मी सांगायला नको. ओएनटी आणि राउटर मिळून एखाद्या छोट्या दिव्याएवढी वीज खातात, इन्व्हर्टरला ते जाणवतही नाही. कोनाडा न्हाणीघराच्या सामाईक भिंतीत नको, आणि डीबीच्या, म्हणजे विजेच्या मुख्य डब्याच्या, पाठीला पाठ लावूनही नको.

या कोनाड्यापासून प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र पाइप. वायरमनला सवय असते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून तिसऱ्या खोलीत असं दिव्यासारखं लूपिंग करायची. इथे ते चालत नाही. लॅनच्या वायरीला मध्येच फांदी काढता येत नाही. टीव्हीच्या वायरीला येते, पण प्रत्येक फांदीला सिग्नल कमी होतो आणि बिघाड झाला की कुठल्या खोलीत शोधायचा ते कळत नाही.

पाइप पंचवीस मिलिमीटरचा, मीडियम जाडीचा. पातळ पाइप स्लॅबवर कामगाराचा पाय पडला की चेपतो. पंचवीसच्या पाइपात तीन लॅन वायरी सुखाने जातात, चौथी ओढाताणीने. वायरमन वीसचा आणेल, कारण त्याच्याकडे वीसचाच शिल्लक असतो. घेऊ नका. पाइप सळईच्या खालच्या आणि वरच्या जाळीच्या मध्ये, बायंडिंग वायरने बांधलेला. कोनाड्यावर सात-आठ पाइप एका ठिकाणी उतरतील, ते जुडी करून एकमेकांना चिकटवून नेऊ देऊ नका. मधून काँक्रीट जायला दोन बोटं जागा हवी, आणि ती जागा बीमच्या किंवा कॉलमच्या तोंडाशी येत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. वळणाला काटकोनी एल्बो नको. लांब बेंड घ्या किंवा पाइपात स्प्रिंग घालून हाताने वाकवा. एका पाइपात दोन वळणं झाली आणि तिसरं येतंय असं दिसलं तर मध्ये एक बॉक्स द्या. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी आत्ताच घालून ठेवा आणि दोन्ही तोंडं बंद करा, कागद कोंबून नव्हे, वर टेप गुंडाळून. सिमेंटचं पाणी आत गेलं की तो पाइप मेला.

बाहेरच्या भिंती उघड्या चिऱ्याच्या म्हणता, तर तिथे नंतर झिरी काढली की शोभा गेलीच, आणि जांभा कडेने भसाभस ढासळतो. म्हणून बाहेर निघणारे पाइप भिंत चढतानाच घालून घ्यावे लागतील. तीन सांगतो. एक, विजेचा खांब ज्या बाजूला आहे तिकडे, फायबर त्याच खांबावरून येणार. दुसरा, वरच्या मजल्याच्या भिंतीवर डिशसाठी. तिसरा, जमिनीखालून खळ्यापर्यंत. आज त्याचं काम नसलं तरी असू दे. बाहेरची तोंडं खाली वाकवलेली हवीत, वायरीला तिथे थोडा झोका द्यायचा म्हणजे पाणी तिच्यावरून घरात न येता खाली गळतं. आणि तोंडाला जाळी किंवा बूच. कुंभारमाशी एका हंगामात पाइपाचं तोंड मातीने लिंपून टाकते. वाळलेली ती माती काढताना आमच्या मुलाने ड्रिल वापरलेलं आहे.

प्रत्येक टीव्हीच्या मागे दोन लॅन आणि एक कोअॅक्स (टीव्हीची गोल वायर) असा हिशेब धरा. पॉइंट टीव्हीच्या मागे लपेल अशा उंचीवर घ्या, सव्वाचार फूट वगैरे. खाली पायथ्याशी घेतलात तर वायर भिंतीवर लोंबणार आणि पुसताना बाई ती ओढणार. कामाच्या खोलीत टेबलाशी दोन लॅन. वर जिन्याच्या तोंडाशी, भिंतीत उंचावर एक लॅन वायफायच्या अॅक्सेस पॉइंटसाठी (वायरीवरचं नेट वायफायने देणारा डबा), कारण कौलाखाली छताला काही लावता येणार नाही. पुढच्या-मागच्या दाराला कॅमेऱ्यासाठी एकेक.

टीव्हीचं सविस्तर वेगळं लिहितो, जेवून येतो.


रॅक_नंबर_चार

काकांनी पाइपाचं सगळं सांगितलंच आहे. मी पुण्यात ऑफिसांचं नेटवर्क बघतो, वायरीपुरतं लिहितो.

कॅट सिक्स घ्या. त्यावर एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं आणि दहा गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत. तुमच्या घरात कुठलीच वायर त्याच्या जवळपासही जाणार नाही. कॅट सिक्स-ए जाड, ताठ आणि महाग. घरासाठी मी तरी सुचवत नाही.

खरी भानगड तांब्याची आहे. बाजारात सीसीए नावाचा प्रकार भरपूर मिळतो, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. खोक्यावर कॅट सिक्स छापलेलं असतं, पण ती कॅट सिक्सच्या मानकात बसत नाही. ३०५ मीटरचं खोकं उचलून बघा, हलकं लागलं तर शंका घ्या. निम्म्या भावात मिळत असेल तर शंकाही नको, तेच असणार. एक तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी चमकली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, जॅकमध्ये दाबताना तार तुटते, आणि कॅमेऱ्याला किंवा अॅक्सेस पॉइंटला त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर तापते. पीओईच्या, म्हणजे लॅनच्या वायरीतूनच वीज देण्याच्या, साध्या प्रकारात स्विचकडून एका पोर्टवर १५.४ वॉट जातात, पुढच्यात ३०. भिंतीत कायमची राहणारी वायर आहे, इथे पैसे वाचवू नका.

ओढताना दोघांनी मिळून हिसके द्यायचे नाहीत. ११ किलोपेक्षा जास्त ताण नको. पाइप नीट असेल तर एक माणूस दोरी ओढतो, दुसरा वायर आत सोडतो, बस्स.

शेवट करताना भिंतीतल्या वायरीला थेट प्लग लावू नका. ही वायर एकसंध तारेची असते, वारंवार वाकवली की तुटते. भिंतीत कीस्टोन जॅक (प्लेटमध्ये बसणारं लॅनचं सॉकेट), आणि जॅकपासून उपकरणापर्यंत तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली लवचिक वायर. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा, आपल्याकडे बी पद्धत जास्त चालते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर रंगांच्या खुणा असतात, त्यात ए आणि बी अशा दोन रांगा असतात, बीची बघा. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही.

आता एक गोष्ट जी वायरमन हमखास चुकतो. हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना फाकलेली असते हे त्याला चमत्कारिक वाटतं, म्हणून तो दोन्ही टोकांना जोड्या शेजारीशेजारी लावून मोकळा होतो. स्वस्तातल्या टेस्टरवर एक ते आठ दिवे छान क्रमाने लागतात, सगळे खूश. पण सिग्नल पिळाच्या जोडीतून न जाता दोन वेगळ्या जोड्यांच्या एकेका तारेतून जातो आणि वेग कोसळतो. तेव्हा टेस्टरचे दिवे बघून पैसे देऊ नका. लॅपटॉप लावा आणि लिंक किती दाखवते ते बघा. १ गिगाबिट दिसलं पाहिजे आणि एखादी मोठी फाइल या खोलीतून त्या खोलीत न अडखळता गेली पाहिजे. लिंक १०० वर अडकली असेल तर चारपैकी एखादी जोडी लागलेली नाही, गिगाबिटला चारही लागतात. टीव्हीवर मात्र १०० दिसलं तर घाबरू नका, बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट मुळातच १०० चं असतं आणि सिनेमा बघायला तेवढं भरपूर होतं.


अँटेनाकाका

जेवण झालं. आता टीव्ही.

केबल असो की डिश, कोअॅक्सची वायर एकच, आरजी-६, ७५ ओहमची. रॅकसाहेबांनी तांब्याबद्दल लिहिलंय ते लॅनला शंभर टक्के लागू. कोअॅक्सचं थोडं वेगळं आहे. आरजी-६ च्या मधली तार बऱ्याचदा पोलादाची असते, वर तांब्याचा मुलामा. इथे ते चालतं, कारण एवढ्या उच्च वारंवारितेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. डिशची वायर लांब असेल तर मात्र पूर्ण तांब्याची घ्या, कारण तिच्यातून बॉक्सकडून डिशकडे वीजही जाते. वायरीच्या आतली तारेची जाळी दाट हवी आणि कनेक्टर दाबून बसवायचे, पिळून बसवायचे नकोत.

केबलवाल्याचं फायबर घेतलंत तर एकाच काडीएवढ्या तंतूत नेट आणि टीव्ही वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशावर येतात. टीव्हीला १५५० नॅनोमीटर, नेटला जातायेता १३१० आणि १४९०. कोनाड्यातला डबा त्यातून टीव्ही वेगळा काढतो आणि त्याच्या कोअॅक्सच्या तोंडातून देतो. तिथून स्प्लिटर, स्प्लिटरपासून प्रत्येक टीव्हीला आरजी-६, आणि प्रत्येक टीव्हीपाशी आपापला बॉक्स. दोन फाट्यांच्या स्प्लिटरवर साडेतीन-चार डेसिबल जातात, चार फाट्यांच्यावर सात. चार फाट्यांचा लावून दोनच वापरायचे असतील तर उरलेल्या तोंडांना ७५ ओहमच्या टोप्या लावा. फायबर जोडायला आलेल्या पोराला ओएनटीवरचा पॉवरचा आकडा विचारा. उणे १८ ते उणे २४ डीबीएमच्या मध्ये असेल तर चहा पाजा. उणे २७ च्या आसपास असेल तर जोड पुन्हा करायला लावा, तो आकडा पावसाळ्यात टिकत नाही.

डिश घेतलीत तर हा साधा स्प्लिटर चालत नाही. आईबाबांचं भांडण इथेच लागेल. डिशच्या तोंडावरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणारा डबा) बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून सांगतो की मला उभ्या ध्रुवणाचे चॅनेल हवेत की आडव्या. मध्ये साधा स्प्लिटर असला तर दोन बॉक्स एकाच एलएनबीला उलटसुलट हुकूम देणार, आणि एकाची मॅच लागली की दुसऱ्याची मालिका जाणार. उपाय सोपा आहे, दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला डिशपासून स्वतःची वायर. म्हणून डिशकडच्या पाइपात आजच तीन वायरींची जागा धरा. कोनाड्यात त्या नुसत्या जोडकनेक्टरने पुढे जातील. उद्या केबलवर आलात तर तिथेच स्प्लिटर लावायचा, भिंतीतलं काही बदलायचं नाही.

डिशची जागा: आपल्याकडून उपग्रह आग्नेयेच्या अंगाला दिसतात. डीडी फ्री डिशचा ९३.५ अंश पूर्वेला आहे, तो देवरुखातून क्षितिजावर साठेक अंश उंच. दुसऱ्या कंपन्यांचे काही त्याच्याहून दक्षिणेकडे, काही पूर्वेकडे. एवढ्या उंचावर बघायचं असल्याने लांबचं झाड आडवं येत नाही, पण भिंतीला लागून असलेला माड येतो. आज येत नसेल तर दहा वर्षांनी येईल, माड वाढतोच. कौलांवर डिश बसवू नका, भिंतीच्या ब्रॅकेटवर बसवा. कौलांवर एक तर माणूस चढला की चार फुटतात आणि नंतर वानरं चढून डिशवर झोके घेतात. आणि जुलैत जोराची सर आली की डिशचं चित्र थिजणार, ते केयू बँडचं, म्हणजे डिश ज्या वारंवारितेवर चालते तिचं, दुखणं आहे, कुठल्याही कंपनीचं घ्या.


खोपोलीहून

काका, आमच्याकडे १९९८ ची बिल्डिंग आहे, फोनचे पॉइंट प्रत्येक खोलीत आहेत. त्या पाइपातून लॅन जाईल का?


अँटेनाकाका

जाईल, जर आत पाइप असेल तर. पॉइंट उघडा आणि फोनची वायर ओढून बघा. दुसऱ्या टोकाला हलली तर तिलाच नवी वायर बांधा, जोड टेपने निमुळता करा आणि सावकाश ओढा. तसूभरही हलली नाही तर ती गिलाव्यात आहे, सोडून द्या आणि स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी मारा. सोसायटीच्या डक्टमधल्या खोक्यात मात्र हात घालू नका.


माहेरवाशीण_देवरुख

काका, रॅकसाहेब, खूप आभार. उत्तरं छापून वायरमनला दिली. त्याचं म्हणणं, कोनाडा आणि पाइप ठीक आहेत, पण विजेचे पाइप जात आहेत त्यांतच लॅन घालू, वेगळे कशाला? खर्च वाढतो म्हणाला.

आणि आणखी एक राहिलं. घरापासून साठेक मीटरवर जुना गोठा आहे. तो दुरुस्त करून पुढेमागे पाहुण्यांसाठी खोली करायची आहे. खळ्यातल्या तिसऱ्या पाइपातून तिथपर्यंत लॅनची वायर न्यायची का? १०० मीटरच्या आत आहे, म्हणजे चालेल ना?


रॅक_नंबर_चार

विजेच्या पाइपात लॅन अजिबात नाही. खर्चापेक्षा जिवाचा प्रश्न आहे. कुठेतरी इन्सुलेशन सोललं तर २३० व्होल्ट थेट लॅपटॉपच्या पोर्टावर. शिवाय मोटर आणि मिक्सरचा गोंधळ सिग्नलमध्ये येतो तो वेगळाच. पाइप वेगळे, समांतर जात असतील तर मध्ये फूटभर अंतर, आणि एकमेकांना ओलांडायचं तर काटकोनात. स्विचबोर्डचा डबाही वेगळा. एकाच प्लेटमध्ये प्लग आणि लॅन घ्यायची हौस असेल तर आत पडदा असलेला बॉक्स मिळतो, पण वेगळाच बरा.


अँटेनाकाका

गोठ्याचं बरं विचारलंत. अंतराच्या हिशेबाने तांब्याची वायर चालेल, पण टाकू नका. आपल्याकडे मे महिन्यात वळवाच्या पावसात आणि परत जाताना ऑक्टोबरात विजा कशा कोसळतात ते तुम्ही बघितलेलं आहे. घराचं अर्थिंग वेगळं, गोठ्याचं वेगळं. जवळपास कुठे वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतदाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो भरून काढायला तांब्याची वायर आयती सापडते. दोन्हीकडची उपकरणं जातात. त्यात कातळ जमीन. जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात नावालाच असतं, पाणी ओतून ओतून किती ओतणार. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारा डबा), जोडी फार महाग नसते, आणि मधली फायबर केबलवाल्याच्या रिळावरून मिळते. फक्त बघा, या केबलीत आधाराची पोलादी तार असते. ती आत न्यायची नाही, घराबाहेरच तोडायची, नाहीतर विजेला दुसरी वाट आपणच करून दिली. पाइप काळा एचडीपीई, दोन फूट खोल, वर विटा किंवा फुटकी कौलं पसरा म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तर आधी ती लागतील. उंदीरही त्यामुळे जरा लांब राहतात.

डिशच्या ब्रॅकेटला आणि कोअॅक्सच्या जाळीला घरात शिरण्याआधीच घराच्या मुख्य अर्थला जोडा, त्यांच्यासाठी वेगळा खड्डा खणू नका. तरी विजा जवळ आल्या की आईबाबांना सांगा, बॉक्सचा प्लग काढा आणि डिशची वायरही काढा. नुसता प्लग काढून लोक निश्चिंत होतात आणि मग टीव्हीचं एचडीएमआय का गेलं विचारतात.

वायरमनला सांगा, वेगळ्या पाइपाचा खर्च स्लॅबच्या खर्चात कळणारही नाही, त्याची मजुरी वेगळी धरा म्हणजे तो कुरकुर करणार नाही.


माहेरवाशीण_देवरुख

मजुरीचं बोलले, लगेच तयार झाला. कोनाडा गवंड्याने आखला. इंजिनिअरनी पाइप बीमपासून थोडे सरकवायला सांगितले, ते केलं. परवा सकाळी स्लॅब. आयत्या वेळी काय बघू?


अँटेनाकाका

उद्या संध्याकाळी उन्हं असतानाच सगळ्या पाइपांचे फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी एखाद्या कॉलमच्या कडेपासून धरलेली दिसली पाहिजे. नंतर पंख्याचा हूक किंवा झोपाळ्याची कडी ठोकताना हेच फोटो लागतात. प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप, पेनाने नंबर टाकू नका, सिमेंटच्या पाण्याने पुसला जातो. दोरीची टोकं हातभर बाहेर ठेवून गाठ मारा. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर धरणाऱ्याला आधीच नेऊन दाखवा की पाइप कुठे कुठे आहेत, त्याची सुई पाइपावर टेकली की जोड निखळतो. आणि दुसऱ्या दिवशी स्लॅबवर पाणी मारायला कुणी जाईल तेव्हा प्रत्येक दोरी फक्त वीतभर मागेपुढे ओढून बघायला सांगा. जी हलत नाही तिचा रंग मला कळवा, त्या पॉइंटला दुसरी वाट कुठून काढायची ते गिलाव्याआधी बघू.